नवखा क्वार्टरबॅक घडतो कसा? पावलं, पवित्रा आणि फेक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो आणि शनिवारी सकाळी मुलांच्या फ्लॅग फुटबॉल (अंगावर न जाता कमरेची पट्टी ओढून अडवायचा अमेरिकन फुटबॉलचा प्रकार) संघाला शिकवायला मदत करतो. एप्रिलच्या शेवटी एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट होतो, कॉलेजातले खेळाडू निवडले जातात, आणि सप्टेंबर उजाडला की ओळखीच्या मराठी घरांतून एकच सूर येतो : एवढा गाजावाजा होऊन आलेला पोरगा चेंडू भलतीकडे का फेकतोय? हा पोरगा म्हणजे क्वार्टरबॅक, संघाचं आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. वर्णनं उजव्या हाताने फेकणाऱ्याची आहेत, डावखुऱ्यांनी ती उलटी वाचावीत.

फेकायचं हाताने, मग सगळे पायांबद्दल का बोलतात?

सीमारेषेवरून थ्रो करणारा क्षेत्ररक्षक आठवा. चेंडू उचलला की तो दोन-तीन पावलं धावतो, अंगाचा झोक घेतो आणि मग फेकतो. क्वार्टरबॅकला ही सोय नाही. सेंटरने, म्हणजे पुढच्या रांगेतल्या मधल्या खेळाडूने, दोन पायांमधून चेंडू मागे दिला की त्याच्या हाती साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद असतात. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असतात आणि त्याचेच सहकारी त्यांना अडवून त्याच्याभोवती एक खळगा तयार करतात. त्याला पॉकेट म्हणतात. तिथे धावायला जागा नसते. एका सतरंजीएवढ्या जागेत उभं राहून, साधारण ४०० ग्रॅम वजनाचा लांबुळका चेंडू २०-३० यार्डांवर धावत असलेल्या माणसाच्या पंज्यात पोचवायचा असतो. तो माणूस आत्ता जिथे आहे तिथे नव्हे, चेंडू पोचेल तेव्हा तो जिथे असेल तिथे.

धाव नाही म्हटल्यावर जोर जमिनीतूनच आणावा लागतो. क्रिकेटच्या समालोचनात आपण ‘पदलालित्य’ हा शब्द फलंदाजासाठी वापरतो. मला तो क्वार्टरबॅकसाठी जास्त खरा वाटतो, कारण फलंदाजाचे पाय चुकले तरी कधीकधी मनगट सांभाळून घेतं. इथे पाय चुकले की शंभरातल्या नव्वद वेळा चेंडू चुकतो.

जोर पायातून हातापर्यंत जातो म्हणजे नेमकं काय होतं?

गोफण डोळ्यासमोर आणा. पाखरं हाकणाऱ्याचा हात फार वेगाने फिरत नाही, पण दोरीच्या टोकाचा दगड सणसणत जातो. फेक तशीच आहे : आधी जड आणि हळू भाग हलतो, त्याच्यामागून हलका आणि वेगवान.

क्रम असा. मागचा, म्हणजे उजवा पाय जमिनीत रोवलेला असतो. वजन त्याच्या आतल्या कडेवर आणि चवड्यावर असतं. टाचेवर बसलं की सगळं संपलं. त्या पायाने जमीन ढकलली की डावा पाय पुढे पडतो. तो टेकतानाच कंबर लक्ष्याकडे वळायला लागते. खांदे मात्र क्षणभर मागेच राहतात. कंबर वळली आणि खांदे अजून वळायचे आहेत, या मधल्या क्षणी धडाला पीळ बसतो, आणि खरी ताकद त्या पिळात साठते. मग तो उलगडतो : छाती, खांदा, कोपर, आणि शेवटी मनगट. डावा हात या वेळी बगलेकडे आवळून घ्यायचा असतो. तो सैल भिरभिरला की धड जास्त फिरतं आणि चेंडूची दिशा जाते.

वेगवान गोलंदाज पुढचा पाय आपटतो तेव्हा तो गुडघा ताठ राहिला तर चेंडूला वेग मिळतो, हे आपल्याला माहीत आहे. इथेही डावा पाय खुंटीसारखा थांबतो आणि त्याच्यावरून वरचं अंग फिरतं. गुडघा पुढे लचकला की जोर तिथेच सांडतो.

तीन, पाच आणि सात पावलांचा ड्रॉप म्हणजे काय?

सेंटरच्या पाठीला चिकटून उभा असलेला क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरतो, तो ड्रॉप. तीन पावलं म्हणजे उजवा-डावा-उजवा. पाचात आणखी दोन. शेवटी उजवा पाय रोवायचा आणि फेकायचं. पाच पावलांच्या ड्रॉपमध्ये पहिली तीन मोठी आणि शेवटची दोन छोटी घ्यायला शिकवतात : मोठी पावलं अंतर तोडतात, छोटी वेग मोडून अंग तोलात आणतात. नवखा मुलगा पाचही सारखीच घेतो आणि शेवटच्या पावलावर मागे झुकलेला सापडतो.

पण ही पावलं फक्त मागे जाण्यासाठी नाहीत, ती घड्याळ आहेत. बिल वॉल्श यांनी हा विचार पद्धतशीर मांडला, आधी सिनसिनाटीत आणि १९७९ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सचे प्रमुख प्रशिक्षक म्हणून. रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा सहकारी, जी वाट धावतो तिला रूट म्हणतात. वॉल्श यांनी प्रत्येक रूटला पावलांची संख्या बांधून दिली. तिरकी छोटी वाट असेल तर तीन पावलं. १२-१५ यार्डांवर जाऊन वळायचं असेल तर पाच. खोल जायचं असेल तर सात. पाचवं पाऊल रोवलं त्या क्षणी पहिला रिसीव्हर वळत असला पाहिजे. तो मोकळा नसेल तर क्वार्टरबॅक पुढे एक छोटी उडती चाल घेतो, तिला हिच म्हणतात, आणि त्या हिचवर नजर दुसऱ्या रिसीव्हरवर जाते. आणखी एक हिच, तिसरा रिसीव्हर. तबल्याच्या मात्रांसारखं हे चालतं. समेवर यायचं ते पायांनी, हात मागून येतो. त्याच १९७९ च्या ड्राफ्टमध्ये ८२ व्या क्रमांकावर घेतलेला जो मोंटाना याच तालात घडला. त्याचा हात त्या काळातला सर्वांत ताकदवान नव्हता.

हल्ली तर सगळे शॉटगनमधून खेळतात. मग ड्रॉप शिकायची गरज काय?

शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक सेंटरच्या साधारण पाच यार्ड मागे आधीच उभा असतो, त्यामुळे पाच पावलांचं काम तिनात आणि तिनाचं एकात होतं. ताल मात्र सुटत नाही. उलट मला वाटतं की शॉटगनमुळे चुका लपतात. कॉलेजात मोकळी मैदानं, एका नजरेत दिसणारा रिसीव्हर आणि मागे उभं राहून चेंडू झेलायचा, एवढ्यावर अनेकांची तीन वर्षं निघतात. एनएफएलमध्ये सेंटरच्या पाठीमागून पाठ वळवून मागे जायचं, खोटा हँडऑफ (चेंडू सहकाऱ्याच्या हातात दिल्याचा आव) दाखवायचा आणि पुन्हा तोंड वळवल्यावर मैदान नव्याने वाचायचं, हे पहिल्यांदा करताना चांगले खेळाडू गडबडतात. मे महिन्यातल्या नवोदितांच्या छोट्या शिबिरात चेंडू न फेकता नुसते ड्रॉप करून घेतात ते यासाठीच.

चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून का जातो?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि बहुतेक वेळा उत्तर एकच असतं : पुढचं पाऊल फार लांब पडतंय.

आमच्या गाडीवाटेवर मी खडूने एक रेघ मारतो, लक्ष्याच्या दिशेने. मुलाचा उजवा पाय रेघेवर, आडवा. मग त्याने फेकायचं आणि डावा पाय पडेल तिथेच गोठून उभं राहायचं. मी त्या बुटाभोवती खडू फिरवतो. दहा फेकी झाल्या की दहा बुटांचे ठसे दिसतात, आणि कोणालाही काही समजावून सांगावं लागत नाही. ज्या फेकी उंच गेल्या त्यांचे ठसे रेघेवर लांब पुढे असतात. लांब पाऊल पडलं की वजन मागच्या पायावरच अडकतं, डावा खांदा आकाशाकडे उचलला जातो आणि चेंडू वर सुटतो. ठसा रेघेच्या उजवीकडे गेला असेल तर कंबरेची वाट बंद झाली. आता हाताला अंगाच्या आडवं ओढून फेकावं लागणार. रेघेच्या फार डावीकडे गेला तर कंबर वेळेआधीच उघडली आणि हात मागे राहिला. चांगला ठसा रेघेच्या किंचित डावीकडे असतो, छोटा, आणि बोटं लक्ष्याकडे.

गेल्या वर्षी एका मुलाला दुसऱ्या एका शिबिरात महिनाभर ‘कोपर वर घे, कोपर वर घे’ म्हणून ओरडत होते. त्याचा खांदा दुखायला लागला आणि फेक जास्तच बिघडली. इथे पहिल्या दिवशी खडूचे ठसे बघितले तर पाऊल जवळजवळ वीतभर लांब होतं. पाऊल आखूड केल्यावर कोपर आपोआप खांद्याच्या पातळीला आलं. त्या पोराने महिनाभर स्वतःच्या हाताला दोष दिला, याचं मला अजून वाईट वाटतं.

स्पायरल कसा येतो?

स्पायरल म्हणजे चेंडूने स्वतःभोवती फिरत, न डोलता जाणं. भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो, फिरणं मंदावलं की डोलायला लागतो. लांबुळक्या चेंडूचंही तेच. बोटं शिवणीवर, तळहात आणि चेंडू यांच्यात थोडी पोकळी, तर्जनी मागच्या टोकाजवळ आणि ती सर्वांत शेवटी सुटणारी. फेक पूर्ण झाल्यावर अंगठा जमिनीकडे वळलेला असावा. मुलं चेंडूला पीळ देण्यासाठी मनगट स्क्रूसारखं पिरगाळतात, ते चूक आहे. फिरकी बोटांतून येते.

जॉश ॲलनचं उदाहरण सगळे देतात. त्याने खरंच काय बदललं?

२०१८ च्या ड्राफ्टमध्ये बफलो बिल्सने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. वायोमिंग विद्यापीठात शिकलेला, धिप्पाड, आणि हात असा की चेंडू नजरेबाहेर जावा. नेम मात्र कॉलेजातही कच्चा होता. पहिल्या वर्षी त्याच्या ५२.८ टक्के फेकी झेलल्या गेल्या, १० टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून मिळालेले गुण) आणि १२ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात. जाणकारांचं तेव्हा ठाम मत होतं की ताकद शिकवावी लागत नाही, पण नेम शिकवता येत नाही. दुसऱ्या वर्षी ५८.८ टक्के. तिसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, ६९.२ टक्के, ३७ टचडाउन, ४,५४४ यार्ड. २०२४ च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

जुने आणि नवे व्हिडिओ शेजारी लावून बघाल तर हाताचं फेकणं फारसं बदललेलं दिसणार नाही. बदल कंबरेखाली आहे. पहिल्या वर्षी तो ड्रॉपच्या शेवटी चवड्यांवर उड्या मारतो, दोन पाय कधी जवळ तर कधी फार लांब, आणि छोट्या फेकीलाही लांबच लांब पाऊल टाकतो. २०२० मध्ये पाय खांद्यांएवढ्या अंतरावर शांत आहेत, पाऊल आखूड आहे, आणि कंबर आधी, खांदे नंतर हा क्रम जवळपास प्रत्येक फेकीत तसाच. उन्हाळ्याच्या सुट्टीत जॉर्डन पामर या माजी क्वार्टरबॅकसोबत त्याने यावर काम केलं. अंगाची हालचाल मोजणाऱ्या प्रयोगशाळेचीही मदत घेतली, म्हणजे कुठला सांधा कधी हलतो हे डोळ्याच्या अंदाजावर राहिलं नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. २०२० मध्येच बिल्सने स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आणला. ब्रायन डेबोल हे आक्रमणाचे प्रशिक्षक सलग तिसऱ्या वर्षी तेच होते, भाषा बदलली नाही. केन डॉर्सी २०१९ पासून क्वार्टरबॅकच्या तालमीला होते. आणि खेळाडू स्वतः राबला. नुसतं ‘पाय सुधारले’ म्हटलं तर अर्धंच सांगितलं असं होईल. माझं म्हणणं इतकंच की पाय शांत झाले नसते तर डिग्ज मोकळा असूनही चेंडू त्याच्या डोक्यावरूनच गेला असता.

एखाद्याची फेकायची लकबच वेगळी असेल तर ती बदलावी का?

चेंडू वेळेत आणि नेमका सुटत असेल तर अजिबात बदलू नये. फिलिप रिव्हर्स खांद्याच्या खालून, ढकलल्यासारखा फेकायचा. पुस्तकात असं चित्र सापडणार नाही. पण त्याचा चेंडू पटकन सुटायचा आणि पाय तालात असायचे. पहिली दोन वर्षं ड्रू ब्रीजच्या मागे थांबून तो २००६ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि २०२० पर्यंत नियमित हंगामातला एकही सामना त्याने चुकवला नाही, सलग २४०.

टिम टिबो हे दुसरं टोक. हाइसमन या कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा २००७ चा विजेता, २०१० च्या ड्राफ्टमध्ये २५ वा. फेकण्याआधी त्याचा चेंडू कंबरेपर्यंत खाली जाऊन मोठा वळसा घेऊन वर यायचा. तेवढ्या वेळात बचावपटू पोचतो. ड्राफ्टच्या आधी काही महिन्यांत तो वळसा काढायचा प्रयत्न झाला. सरावात निघालाही, पण सामन्यात अंगावर माणूस आला की परत यायचा. २०११ मध्ये त्याच्या निम्म्याहून कमी, ४६.५ टक्के फेकी झेलल्या गेल्या. पंधरा वर्षांची सवय तीन महिन्यांत जात नाही.

आणि मधला मार्ग म्हणजे आरन रॉजर्स. कॅलिफोर्निया विद्यापीठात तो चेंडू कानाजवळ, फार उंच धरायचा. २००५ मध्ये ग्रीन बेने २४ व्या क्रमांकावर घेतला तेव्हा पुढे ब्रेट फार्व्ह होता, म्हणून तीन वर्षं बाकावर. या काळात चेंडू छातीशी खाली आला, हात सैल झाला. २००८ मध्ये तो मैदानात उतरला तेव्हा नवं फेकणं त्याचं स्वतःचं झालं होतं. त्याला वेळ मिळाला. टिबोला मिळाला नाही.

मग नवख्याला बसवून ठेवावं की लगेच खेळवावं?

पॅट्रिक महोम्स २०१७ भर ॲलेक्स स्मिथच्या मागे होता, फक्त शेवटचा सामना खेळला, आणि पुढच्या वर्षी ५० टचडाउन. जॉर्डन लव तीन हंगाम थांबला. दुसरीकडे पेटन मॅनिंग १९९८ मध्ये पहिल्या दिवसापासून खेळला, २८ वेळा चेंडू गमावला, संघ तीन सामने जिंकला. पुढच्या वर्षी तेरा. म्हणजे एकच नियम नाही.

मी एक गोष्ट बघतो : त्याच्यापुढे अडवणारी भिंत कशी आहे? २००२ मध्ये नव्याने सुरू झालेल्या ह्यूस्टन टेक्सन्सने डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि थेट उभं केलं. त्या एका हंगामात तो ७६ वेळा पाडला गेला, आजही तो विक्रम आहे. २००५ मध्ये पुन्हा ६८ वेळा. इतका मार खाणाऱ्या माणसाचे डोळे रिसीव्हरवरून उतरून अंगावर येणाऱ्यांकडे जातात. पाय शेवटच्या पावलावर रुजायच्या आधीच नाचायला लागतात. तंत्र चांगलं शिकवलेलं असलं तरी भीती ते धुऊन नेते, आणि एकदा गेलं की परत आणणं मुळात शिकवण्यापेक्षा अवघड. भिंत मजबूत असेल तर खेळवा, चुका करू द्या. नसेल तर बसवा. २०२४ मध्ये न्यू इंग्लंडने ड्रेक मेला पहिले पाच सामने मुख्य क्वार्टरबॅक म्हणून उतरवलं नाही तेव्हा इथे बरीच आरडाओरड झाली. मला तो निर्णय समंजस वाटला होता.

पहिल्या हंगामात मधेच सुधारणा का दिसत नाही?

कारण शिकायला वेळच नसतो. जानेवारी ते एप्रिल ड्राफ्टच्या चाचण्या, मे-जूनमध्ये थोडा सराव, जुलैच्या अखेरीस शिबिर, सप्टेंबरमध्ये सामने. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारानंतर सरावांवरही मर्यादा आल्या. हंगाम सुरू झाला की आठवडा पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या तयारीत जातो. पायांची सवय बदलायला हजारो संथ, कंटाळवाण्या आवर्तनांची गरज असते आणि ती फेब्रुवारी ते जुलैतच होतात. म्हणून खरी परीक्षा दुसऱ्या सप्टेंबरची.

महोम्स तर कसाही, उडी मारून, बाजूने फेकतो. मुलांनी तसं फेकू नये का?

महोम्सचे वडील मेजर लीगमध्ये बेसबॉलचे गोलंदाज होते, आणि तो स्वतःही बेसबॉल खेळून वाढला. वेगवेगळ्या कोनांतून फेकणं त्याच्या अंगात लहानपणापासून आहे. त्याची एखादी वेडीवाकडी फेक थांबवून बघा : पाय कुठेही असले तरी चेंडू सुटताना कंबर लक्ष्याकडे वळलेली असते. सरळ फेक पक्की झाल्यावर मुलांनी हेही खेळून बघावं, मजा येते. आधी नको.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तिला सुरुवात कशी करून देऊ?

आधी चेंडू छोटा घ्या. लहान मुलांसाठी वेगळ्या मापाचे चेंडू मिळतात. मोठा चेंडू दिला की मूल तो पंज्यात मावत नाही म्हणून ढकलायला लागतं, आणि ती सवय राहते. दहा-बारा यार्डांच्या पुढे फेकायला सांगू नका. दोन्ही गुडघ्यांवर बसून थोड्या फेकी, म्हणजे खांदे आणि हात कळतात. मग उभं राहून, पाय न हलवता, फक्त कंबर वळवून. मग खडूची रेघ. दिवसाला तीस-चाळीस फेकी पुरे. खांदा किंवा कोपर दुखलं तर त्या दिवशी थांबायचं, आणि दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवायचं, कारण वाढत्या वयात हाडांची टोकं अजून कच्ची असतात.

मुलींसाठी हा खेळ आहे का, असंही विचारतात. आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल पुरुष आणि महिला दोघांचा असेल. त्यावर शिक्कामोर्तब झालं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपल्या मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. बातम्या क्रिकेटच्या झाल्या, पण त्याच ठरावात हाही खेळ होता.

रविवारी सामना बघताना मी नेमकं काय बघू?

चेंडू बघू नका, कॅमेरा तो दाखवणारच आहे. स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिला की नवख्या क्वार्टरबॅकच्या गुडघ्यांखाली नजर ठेवा. शेवटचं पाऊल पडल्यावर पाय थांबतात की नाचतात? पहिला रिसीव्हर बंद दिसल्यावर तो पुढे छोटी हिच घेतो, की मागे-मागे सरकत राहतो? बाजूने कोणी आलं तर दोन्ही हात चेंडूवर ठेवून एक पाऊल पुढे पॉकेटमध्ये शिरतो, की लगेच पाठ वळवून पळतो? फेक झेलली गेली की सुटली हे सध्या सोडा. पहिल्या आणि दहाव्या आठवड्याचा एकेक सामना असा बघा आणि प्रत्येकी दहा फेकींमध्ये पाय किती वेळा शांत होते ते कागदावर लिहा. आमच्या घरी हे कागद फ्रिजवर लावलेले असतात, आणि डिसेंबरमध्ये जेवताना त्यांच्यावरून भांडणं होतात.